शनिवारच्या विमानातली जागा

हवाना, १४ ऑक्टोबर १९६२, रविवार

आज रोहेलितोशी फोनवर बोलणं झालं. सकाळपासून ऑपरेटरबाईच्या मिनतवाऱ्या केल्या तेव्हा कुठे जेवणाच्या वेळेला मायामी लागलं. आधी एकट्या आलेल्या मुलांच्या छावणीतल्या सिस्टर, मग फरशीवर धावत येणारे बूट, आणि मग तो. म्हणाला, "बाबा, इथे बीन्समध्ये साखर घालतात. मी खात नाही." नऊ वर्षांचा आहे. त्याला पाठवून महिना झाला.

सोराइदाने रिसीव्हर माझ्या हातातून ओढूनच घेतला. तिचं नेहमीचं सुरू झालं, दात घासतोस का, स्वेटर घालतोस का. मायामीत स्वेटर! पण मी हसलो नाही. ती हसली असती तर हसलो असतो.

शेवटी सिस्टर बोलल्या. आपल्याकडच्याच आहेत, कामाग्वेच्या. छावणी भरून वाहते आहे म्हणाल्या. मुलांना उत्तरेकडे पाठवताहेत, अनोळखी घरांत, अनाथाश्रमांत. रोहेलितोचं नाव आयोवा नावाच्या राज्यासाठी लागलंय. मात्र मोठी बहीण येणार असेल तर दोघांना एकत्र, इथेच मायामीत एका कुटुंबात ठेवता येईल. "महिनाअखेरपर्यंत मी त्याला अडवून धरते," म्हणाल्या. "मुलीला लवकर पाठवा."

नेरेइदाचे कागद केव्हाच तयार आहेत. विमानात जागा मिळाली की झालं. आमचे दोघांचे कागद यायला वर्ष लागेल, पण तोवर दोघं भावंडं एकमेकांना धरून राहतील.

ही वही दुकानातली आहे. पुठ्ठ्यावर अजून 'आर्मेन्तेरोस, चष्मेवाले' असं छापलेलं आहे. दोन वर्षांपूर्वी दुकान जनतेचं झालं आणि मी त्याच स्टुलावर बसून जनतेचा नोकर झालो. वही जनतेला नको होती.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

विमान कंपनीतला रामिरो आज स्वतः दुकानात आला. चष्म्याची दांडी सैल झाली हे निमित्त. मी स्क्रू पिळत असताना हळूच म्हणाला, "शनिवारची एक जागा आहे. उद्यापर्यंत सांग."

मी उड्या मारतच घरी गेलो. सोराइदाने कोब्रेच्या मेरीमाउलीपुढे मेणबत्ती लावली आणि लगेच बॅग काढायला धावली. नेरेइदा मात्र जागची हलली नाही. म्हणाली, "बाबा, पुढच्या बुधवारी माझा पंधरावा वाढदिवस आहे."

तारीख कोण विसरेल? सोराइदा आपलाच लग्नाचा झगा उसवून तिच्यासाठी शिवते आहे, कापड मिळत नाही म्हणून. महिनाभर अंडी आणि साखर वाचवून ठेवली आहे. पण शनिवार बुधवारच्या आधी येतो, त्याला मी काय करणार?

नेरेइदा माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझा हात हातात घेतला. "तिकडे अनोळखी लोकांत माझा पंधरावा कोण करणार? एकदा तुझ्याबरोबर वॉल्ट्झ नाचू दे. मग कुठेही पाठव, मी हूं की चूं करणार नाही."

मला खरंच भरून आलं. ती सात वर्षांची असल्यापासून मी तिला माझ्या बुटांवर उभी करून हा वॉल्ट्झ शिकवला आहे. मुलीला पंधराव्या वर्षी सगळ्यांसमोर पहिल्यांदा हाताला धरून नाचवायचं, हे सुख बापाला एकदाच मिळतं.

सोराइदा बॅग हातात धरून दारात उभी होती. "हातात आहे ती जागा घे, एवेलिओ," म्हणाली. "पोरगं तिकडे वाट बघतंय. नाचायला जन्म पडलाय."

"अगं, सिस्टर महिनाअखेरपर्यंत थांबणार आहेत ना?"

"मला त्यांचं सांगू नकोस. मला विमान दिसलं की पुरे."

रात्रभर धुसफूस चालली होती.

१७ ऑक्टोबर, बुधवार

शनिवारची जागा सोडली. शुक्रवार, सव्वीस तारखेची घेतली. रामिरो म्हणाला, "विचार कर गड्या, जागेला रांग लागलीय." मी म्हटलं, "सहा दिवसांत काय आभाळ कोसळतंय?" त्याने खांदे उडवले आणि नाव खोडून दुसरं लिहिलं. औषधवाल्या केसादांच्या मुलीचं नाव लागलं. चला, तिचंही भलं झालं.

सोराइदा माझ्याशी बोलत नाही, शिवणयंत्राशी बोलते. यंत्र बिचारं निमूट ऐकून घेतं. माझं चुकलेलं नाही. मुलीचं बालपण घाईघाईने बॅगेत कोंबून पाठवायचं नसतं.

२० ऑक्टोबर, शनिवार

संध्याकाळी गच्चीवर तालीम झाली. खरं तर चौदा जोड्या हव्यात, पण निम्मी मुलं मायामीला गेली आणि उरलेल्यांतली निम्मी सैन्यात. कशाबशा सहा जोड्या जमल्या. माझ्यानंतर नेरेइदाबरोबर नाचायला खालच्या मजल्यावरचा विल्फ्रेदो आहे. अठराचा घोडा, पण सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखी भिंगं. माझीच घासलेली आहेत. मुलीचे पाय तुडवत होता आणि ती खदखदा हसत होती. पाय तुडवलेले तिला एवढे आवडतात हे मला ठाऊक नव्हतं.

ग्रामोफोन त्याच्या आईने, एउलालियाने दिला. ती आमच्या गल्लीच्या समितीची प्रमुख. कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या कचऱ्यात काय सापडलं, सगळं तिला माहीत. देश सोडणाऱ्यांना इथे किडे म्हणतात. आम्ही त्यातलेच, हे तिला माहीत आहे आणि तिला माहीत आहे हे आम्हाला.

"काय साथी एवेलिओ," ती जिन्यात म्हणाली, "पोरगी आता मावशीकडे हवापालटाला जाणार म्हणे?"

"हो. हवा बरी नाही सध्या."

"हवेला काय झालंय? हवा आता कुठे मोकळी झालीय." मग ग्रामोफोन माझ्या हातात देत म्हणाली, "नीट वापर. किडे असलात तरी माझ्या जिन्यातले किडे आहात."

वॉल्ट्झ चालू असताना एक विमान समुद्रावरून उत्तरेकडे गेलं. सोराइदा कठड्याशी उभी राहून ते दिसेनासं होईपर्यंत बघत होती. केसादांची मुलगी त्यातच असणार.

२१ ऑक्टोबर, रविवार

रोहेलितोला फोनवर सांगितलं, नेनीला कालची जागा मिळत होती, पण ती शुक्रवारी येणार. नेरेइदाला तो नेनी म्हणतो. त्याने विचारलं, "काल का नाही?"

"अरे, बुधवारी तिचा पंधरावा ना. मी नाचणार आहे तिच्याबरोबर."

"बरं. पण शुक्रवारी नक्की?"

"बापाचा शब्द."

"मग कसा नाचलास ते मला सांग. पडू नकोस हां." आणि हसला. महिन्याभरात पहिल्यांदा. मी सोराइदाला म्हटलं, बघ, पोराला कळतं, तुला कळत नाही.

२२ ऑक्टोबर, सोमवार

संध्याकाळी दुकान बंद करत होतो तेवढ्यात रस्त्यावर पळापळ सुरू झाली. ट्रकांवरून हाका, सगळ्या सैनिकांनी आपापल्या ठाण्यावर हजर व्हा. घरी पोचलो तेव्हा विल्फ्रेदो बंदूक खांद्याला लावत जिना उतरत होता. मागून एउलालिया ओरडत होती, "पाव तरी घेऊन जा रे!" नेरेइदाने पाव नेऊन दिला.

मग रेडिओवर अमेरिकेचा अध्यक्ष बोलला. आम्ही मायामीचं स्टेशन बारीक आवाजात लावतो, ते आज मोठ्याने लागलं तरी कुणाचं लक्ष नव्हतं. रशियाने आमच्या बेटावर अणुबाँबची क्षेपणास्त्रं आणून ठेवली आहेत म्हणे. म्हणून आता समुद्रात आरमार उभं करणार, रशियाची जहाजं अडवणार. इथून एक जरी क्षेपणास्त्र उडालं तर थेट रशियावर हल्ला करणार.

क्षेपणास्त्रं! गेल्या महिन्यात ट्रकांवर ताडपत्री घालून लांबलचक काहीतरी नेत होते, तेव्हा आम्ही जिन्यात बसून थट्टा करत होतो की रशियाने आपल्यासाठी जगातलं सर्वांत लांब सॉसेज पाठवलंय.

सोराइदाची सुई थांबली. एवढंच म्हणाली, "शुक्रवारचं विमान?"

"आरमार जहाजं अडवणार आहे," मी म्हटलं, "विमानाचा काय संबंध?"

२३ ऑक्टोबर, मंगळवार

विमान कंपनीच्या कचेरीचं शटर अर्धं खाली होतं. बाहेर आईबापांची गर्दी. मी वाकून आत शिरलो. रामिरो टेबलाशी नुसता बसून होता.

"आज विमान आलंच नाही," म्हणाला. "मायामीहून निघालंच नाही."

"शुक्रवारी?"

"शुक्रवारी? अरे बाबा, शुक्रवारी आपण असू का?"

"गंमत करू नकोस, रामिरो."

त्याने माझ्याकडे वर पाहिलं. त्याचे डोळे लाल होते. रोज डोळे तपासतो मी, रडलेले आणि जागलेले यांतला फरक मला कळतो. हे दोन्ही होते.

घरी आलो. सोराइदा दारातच होती. माझ्या तोंडाकडे बघून तिला सगळं कळलं. ती ओरडली नाही, रडली नाही. आत जाऊन तो पांढरा झगा आणला, माझ्या अंगावर टाकला आणि म्हणाली, "घे. नाच आता."

कोसळलं आभाळ. माझ्याच तोंडाने मी त्याला बोलावलं होतं.

२४ ऑक्टोबर, बुधवार

नेरेइदा पंधरा वर्षांची झाली.

मुलं सगळी तोफांवर. पाहुणे कोणी नाहीत. ग्रामोफोन समितीने परत नेला, सूचना ऐकवायला कर्णा जोडलाय त्याला. जिन्यात वाळूच्या बादल्या आणि स्ट्रेचर. सोराइदाने तरीही केक केला, करणार काय, अंडी फेटलेलीच होती. केक उत्तम फुगला होता. इतकं वाईट वाटलं त्या फुगलेल्या केककडे बघून.

नेरेइदाने झगा घालून दाखवला. मी तिच्यासमोर उभा राहिलो, हात पुढे केला. गाणं नसलं तर नसलं, मी तोंडाने म्हणणार होतो. ती म्हणाली, "आज नको बाबा. सगळे तिकडे उभे असताना बरं दिसत नाही." आणि झगा काढून ठेवला, शाळेचा स्कर्ट घातला, अख्खा केक टोपलीत घालून मालेकॉनवर निघाली. समुद्राच्या कठड्याशी वाळूची पोती रचून विमानविरोधी तोफा लावल्यात, तिथे.

"अगं, तो तुझा केक आहे!"

"त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नाहीये."

परत आली ती गाल लाल होऊन. टोपली रिकामी. मुलीचं मन मोठं आहे, माझ्यावर गेली आहे. सोराइदा आता माझ्याशी मिठापुरतंही बोलत नाही.

२६ ऑक्टोबर, शुक्रवार

आजचं विमान. सकाळी उठून दाढी केली, कशासाठी ते मलाच माहीत नाही. बॅग दाराशी होती तशीच आहे. मुलींना फक्त एक बॅग नेता येते, म्हणून सोराइदाने त्यात दोन बॅगांचं भरलं होतं.

दुपारी विल्फ्रेदो दुकानात आला. चिखलाने माखलेला, चष्मा हातात, एक भिंग फुटलेलं. पोतं पडलं म्हणाला त्यावर. "एवेलिओकाका, आजच्या आज करून द्या. मला त्याच्याशिवाय गलबत आणि बगळा सारखाच दिसतो."

"आणि तुला विमानावर नेम धरायला ठेवलाय?"

"नेम दुसरा धरतो. मी अंतर सांगतो." छाती फुगवून म्हणाला, "येऊ देत त्यांना. आपल्याकडून उडालं की पाच मिनिटांत मायामीचा कोळसा..."

मग त्याला आठवलं. माझ्या रोहेलितोला त्याने सायकल शिकवली होती. तो फुटलेल्या भिंगाकडे बघत राहिला. "तसं होणार नाही, काका," म्हणाला. "तसं कोणी करणार नाही."

मी भिंग घासायला बसलो. घासता घासता डोक्यात तेच. इकडून उडालं तर माझा मुलगा, तिकडून उडालं तर माझी मुलगी. आपलेच दात, आपलेच ओठ. जगात सगळे लोक कुठल्या ना कुठल्या बाजूला आहेत. मी कुठल्या बाजूचा? दोन्ही मुलं माझ्याजवळ असती तर मी एका बाजूचा तरी भेकड झालो असतो. आता मला साधं भेकडही होता येत नाही.

वाटलं, भिंग उद्या देतो म्हणावं, एक तोफ आंधळी राहील. पण आंधळा पोरगा तोफेशेजारी उभा राहून मरेल, आणि एउलालियाला तो एकटाच आहे. करून दिलं. नेरेइदा डबा घेऊन आली होती, तीच म्हणाली, मी सोडून येते त्याला कोपऱ्यापर्यंत. कोपरा चांगलाच लांब निघाला.

मायामीचा फोन लागत नाही. ऑपरेटरबाई म्हणते, "लाइन आमची नाही, लष्कराची आहे." माझा मुलगा आज विमानतळाच्या दिशेला तोंड करून बसला असेल. बापाचा शब्द.

२७ ऑक्टोबर, शनिवार

धो धो पाऊस. मालेकॉनवर लाटा कठड्यावरून रस्त्यात येताहेत. सकाळी दोन अमेरिकन विमानं छपरांवरून इतकी खालून गेली की कपाटातले पेले वाजले. आणि पहिल्यांदाच आपल्या तोफा उडाल्या. चार दिवस नुसत्या बघत होत्या, आज उडाल्या. अंतर सांगणारा पोरगा माझ्या भिंगातून बघत होता.

पूर्वेकडे कुठेतरी त्यांचं एक विमान पाडलं म्हणतात. एउलालिया जिन्यात टाळ्या पिटत आली, पण वर येईपर्यंत तिचेही हात थांबले. "आता ते येतील ना, साथी?" तिने मला विचारलं. मला! किड्याला! मी म्हटलं, "येतील." ती आमच्याच पायरीवर बसली. सोराइदाने तिला कॉफी दिली. वाटाणे भाजून घातलेली रेशनची कॉफी, पण तिने दोन्ही हातांनी पेला धरला होता.

दुपारी आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाखाली बसलो. टेबल लाकडाचं आहे. अणुबाँबला लाकडाचं टेबल! पण दुसरं काय होतं? सोराइदाने नेरेइदाला मांडीत घेतलं होतं, एवढ्या मोठ्या मुलीला. सोराइदा माउलीचा जप करत होती. मी कान देऊन ऐकलं. म्हणत होती, "आई, कुणालाच जिंकू देऊ नकोस. कुणालाच जिंकू देऊ नकोस."

आज लिहितोय ते कुणी वाचेल असं वाटत नाही. रोहेलितो, मी तुझ्याशी खोटं बोललो नव्हतो. मला शुक्रवार खरंच दिसत होता.

२८ ऑक्टोबर, रविवार

वाचलो! रशिया क्षेपणास्त्रं परत नेणार आहे. अमेरिका हल्ला करणार नाही. संपलं.

गल्लीत कुणाला आनंद नाही. लोक चिडलेत, आम्हाला न विचारता परत नेतात म्हणून. पोरं ओरडत फिरताहेत, एकदा दिलेलं कुणी परत घेतं का? एउलालियाने रेशनचा रशियन मटणाचा डबा गॅलरीतून रस्त्यात भिरकावला. मग आपणच खाली जाऊन पोचा आलेला डबा उचलून आणला. खायला दुसरं काही नव्हतं.

मला मात्र नाचावंसं वाटत होतं. मी सोराइदाला मिठी मारली. लाकडाला मारावी तशी. माझ्या खांद्यावरून ती दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे बघत होती.

"आता विमानं सुरू होतील," मी म्हटलं.

२ नोव्हेंबर, शुक्रवार

मृतांचा दिवस. आईच्या थडग्यावर फुलं ठेवून कोलोन स्मशानातून बाहेर पडलो तर फाटकाशी केसादबाई भेटल्या. मला टाळता आलं नाही. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि लोकांदेखत त्यांवर डोकं टेकलं.

"तुम्ही जागा सोडलीत म्हणून माझी पोर पोचली," म्हणाल्या. "रामिरोने सांगितलं मला. तुमच्या मुलांना काही कमी पडणार नाही, देव बघतोय."

सोराइदा शेजारी उभी होती. "असू द्या, असू द्या," म्हणालो, जशी मी दयाच केली होती त्यांच्यावर. घरी येईपर्यंत सोराइदा माझ्या चार पावलं पुढे चालत होती.

११ नोव्हेंबर, रविवार

सिस्टरची तार आली. 'शक्य तितकं थांबवलं. रोहेलितो गुरुवारी आयोवाला गेला. देव त्याच्याबरोबर.'

शाळेचा जुना नकाशा काढला. आयोवा सापडायला वेळ लागला. समुद्र कुठूनच जवळ नाही. नेरेइदा म्हणाली तिकडे बर्फ पडतो. सोराइदा उठली आणि कपाटातून त्याचा जाड स्वेटर काढला, तो त्याने नेला नव्हता. त्या दिवशी विमानतळावर काचेच्या खोलीत मुलं आत आणि आईबाप बाहेर उभे होते, तेव्हा तो काचेवर नाक दाबून काहीतरी म्हणत होता. काचेतून ऐकू येत नाही. मी घरी येताना म्हटलं होतं, स्वेटर राहिला म्हणत असेल. सोराइदा म्हणाली होती, नाही, तो पाठवू नका म्हणत होता.

सरकार मुलं हिसकावून रशियाला नेणार, अशी आवई उठली होती गेल्या वर्षी. गल्लीतलं एकही मूल कुणी नेलं नाही. आम्ही मात्र आमचं आमच्या हाताने दिलं. हे सोराइदाने आज बोलून दाखवलं. नकाशाला उद्देशून.

२५ नोव्हेंबर, रविवार

आरमार गेलं. रेडिओवर म्हणाले, संकट टळलं. साऱ्या जगात लोकांनी सुस्कारे सोडले असतील. आमच्या घरात सुस्काराही कुणी सोडत नाही.

विमान कंपनीच्या कचेरीवरची पाटी दोन माणसं शिडी लावून उतरवत होती. रंग द्यायला असेल. रामिरो आत टेबलाचे खण रिकामे करत होता. "जानेवारीत सुरू होईल," म्हणाला, माझ्याकडे न बघता. जानेवारी म्हणजे काही लांब नाही.

नेरेइदाची बॅग अजून दाराशीच आहे. आज हलवायला उचलली तर पिसासारखी हलकी. उघडून बघितली, तळाशी दोन मोजे. म्हणाली, "धुवायला काढले, बाबा. बंद राहून वास येतो ना." मुलगी नीटनेटकी झाली आहे. शाळेतून उशिरा येते, समितीने जखमींची सेवा शिकवायला मुली घेतल्या आहेत, तिथे नाव घातलंय. घालू दे. जानेवारीपर्यंत तिचंही मन रमायला हवं.

विल्फ्रेदो घरी आला. चष्मा शाबूत.

९ डिसेंबर, रविवार

आज फोन लागला.

आठवडाभर नोंदवून ठेवला होता. आम्ही तिघं सकाळपासून फोनभोवती बसलो होतो, आणि वाट बघून नेरेइदा खाली एउलालियाकडे काही आणायला गेली, तेवढ्यात वाजला. मधे तीन बायका इंग्रजीत बोलल्या. मग खरखर. मग तो.

"बाबा?"

आवाज लहान झालाय. की लांब आहे म्हणून तसा येत होता? मी विचारलं, बरा आहेस ना, जेवतोस ना. हो म्हणाला. थंडी? हो. खोलीत अकरा मुलं आहेत, स्पॅनिश कुणाला येत नाही. एक म्हातारी बाई त्याला रॉजर म्हणते.

मग म्हणाला, "बाबा, त्या शुक्रवारी मी विमानतळावर गेलो होतो."

"विमानं बंद होती रे."

"सिस्टर तेच म्हणाल्या. मी म्हटलं, बाबांनी शुक्रवार सांगितलाय. मी जेवलो नाही, मग त्या मला घेऊन गेल्या. आम्ही बसलो. खूप बसलो. मग त्यांनी मला चॉकलेट दिलं आणि आम्ही परत आलो."

सोराइदा कान माझ्या कानाला लावून उभी होती. दीड महिन्यानंतर पहिल्यांदा तिचा गाल माझ्या गालाला लागला.

"बाबा, ऐकू येतंय का?"

"येतंय, राजा."

"मग सांग ना. नाचलास?"

मी सोराइदाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोलता आलं नसतं. नाही म्हणालो असतो तर त्या पोराला काय उरलं असतं? कशासाठी तो तिथे बसला होता?

"नाचलो," मी म्हटलं.

"पडला नाहीस ना?"

"नाही रे. नेनीचा पाय तुडवला एकदा. सगळे हसले."

तो हसला. खरंच हसला. "मला वाटलंच होतं," म्हणाला. "आणि केक?"

तेव्हा सोराइदाने माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. ओढून नाही, हळूच घेतला. आणि तिच्या पूर्वीच्या आवाजात, महिने झाले मी तो आवाज ऐकला नव्हता, म्हणाली, "हो रे बाळा, छान नाचला तुझा बाप. सगळी गल्ली बघायला आली होती. गच्चीवर दिवे लावले होते. आणि केक एवढा मोठा झाला होता की उरला. तुझा तुकडा ठेवलाय मी."

"खराब होईल गं, आई."

"नाही होणार. झाकून ठेवलाय."

तो काहीतरी म्हणाला ते खरखरीत गेलं. मग इंग्रजी बाई बोलली आणि लाइन गेली.

सोराइदाने रिसीव्हर खाली ठेवला. माझ्याकडे न बघता स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं रडायला गेली. बशा वाजल्या. थोड्या वेळाने मी आत गेलो तेव्हा ती खिडकीशी उभी होती, आणि मांडणीवर, पोरांचा हात पुरणार नाही अशा वरच्या फळीवर, एका बशीवर दुसरी बशी उपडी घालून ठेवलेली होती.

ती झोपल्यावर मी वरची बशी उचलून बघितली. खाली काहीच नव्हतं. मी ती पुन्हा तशीच झाकून ठेवली.